वाईनच्या बाटलीवरचं 'व्हिंटेज' आणि पैठणीवरचं 'व्हिंटेज'

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंग रूमवर काम करतो. बाटलीच्या लेबलवर 'व्हिंटेज 2024' वाचून पाहुणे हसतात. कालपरवाची वाईन व्हिंटेज कशी काय, म्हणतात. इकडे वहिनी येवल्याच्या जुन्या पैठण्या 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन विकते, आणि मामा त्यांची 1969 ची लॅम्ब्रेटा स्कूटर व्हिंटेजमध्ये नोंदवायला निघालेत. मग खरं व्हिंटेज कोणतं?"

तिन्ही खरी. पण तुमच्या लेबलवरचा अर्थ आधीचा आहे आणि पाहुण्यांच्या डोक्यातला नंतरचा. 'जुनं' हा अर्थ या शब्दाला फार उशिरा चिकटला. लेबलवर तो एवढंच सांगतो की आतली द्राक्षं 2024 साली तोडली. वाईन दहा वर्षांची असो की दहा महिन्यांची, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मी नाशकात भाषांतराचं काम करते. वायनरींची माहितीपत्रकं, बाटलीच्या मागच्या लेबलांचा मजकूर, द्राक्ष निर्यातीचा पत्रव्यवहार, मधूनच बँकेची नाहीतर कोर्टाची कागदपत्रं. हा शब्द दर हंगामात माझ्या टेबलावर येतो, आणि दोन कागदांवर एकाच अर्थाने आला असं क्वचित होतं. म्हणून जरा मुळापासून सांगते.

लॅटिनमध्ये 'विन्देमिया' असा शब्द होता. त्यातलं 'विनुम' म्हणजे वाईन, आणि 'देमेरे' म्हणजे उतरवून घेणं. म्हणजे द्राक्षांची तोडणी. बस, एवढाच अर्थ. 'देमेरे'च्या पोटात आणखी एक क्रियापद आहे, 'एमेरे'. त्याचा जुना अर्थ घेणं, पुढे झाला विकत घेणं. आपण "दोन किलो वांगी घेतली" म्हणतो तेव्हा पैसे मोजले हे वेगळं सांगत नाही ना, तसंच. या 'एमेरे'ची पिलावळ मोठी आहे: विम्याचा प्रीमियम, कूपन रिडीम करणं, करातून एग्झम्प्ट होणं, सगळी त्याच घरची. व्हिंटेज त्यांचा चुलतभाऊ.

लॅटिनमधून शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून पंधराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत आला. आजही फ्रान्समध्ये द्राक्षतोडणीला 'वांदांज' म्हणतात. तिथला 'द' इंग्रजीत 'ट' झाला तो 'व्हिंटनर' या शब्दाच्या संगतीने. व्हिंटनर म्हणजे वाईनचा व्यापारी. लंडनच्या व्हिंटनर मंडळींना 1363 साली राजाची सनद मिळाली होती, म्हणजे हा शब्द बाजारात आधीच मुरलेला होता. शेजारी असा वजनदार शब्द असला की नव्याने आलेला शब्द त्याच्यासारखा बोलायला लागतो.

पुढे बराच काळ व्हिंटेज म्हणजे तोडणीच. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये सुबत्तेचं एक वचन आहे: तुमची मळणी व्हिंटेजपर्यंत चालेल आणि व्हिंटेज पेरणीपर्यंत चालेल. शेतीची कामं एकमेकांच्या पायात पाय घालतील, इतकं पिकेल, हा त्याचा आशय. तिथे 'जुनं' हा अर्थ घालून बघा, काहीच लागत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नवं कॅलेंडर आलं, त्यातल्या पहिल्या महिन्याचं नाव याच मुळातून बेतलं होतं, 'वांदेमिएर', तोडणीचा महिना. 22 सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हायचा. आकाशातही हा शब्द आहे. आपली चित्रा ज्या कन्या राशीत, त्याच राशीत 'विन्देमियाट्रिक्स' नावाचा तारा आहे, म्हणजे द्राक्षं तोडणारी. तो पहाटे दिसायला लागला की भूमध्य समुद्राच्या काठचे लोक तोडणीच्या तयारीला लागत.

आता इथून शब्द सरकला कसा? कामावरून वर्षावर?

काम, ऋतू आणि वर्ष यांची नावं एकमेकांच्या अंगावर सांडतात, हे आपल्याला नवीन नाही. 'वर्ष' म्हणजे मुळात पाऊस. "जीवेम शरदः शतम्" म्हणताना शंभर शरद म्हणजे शंभर वर्षं. इंग्रजीतला 'हार्वेस्ट' तर उलट्या वाटेने गेला. आधी तो ऋतूचं नाव होता, शरदाचं. नंतर त्या ऋतूतल्या कापणीचं झाला. व्हिंटेज कापणीकडून निघाला. तोडणी, मग तोडणीतून आलेला माल, मग त्या मालाची वाईन. 1819 साली कीट्स नावाचा कवी नाइटिंगेल पक्ष्यावरच्या कवितेत व्हिंटेज प्यायला मागतो, ती सरळ वाईनच. मात्र ती त्याला जमिनीत खोल, दीर्घकाळ गार होत राहिलेली हवी आहे. जुनेपणाचा वास इथे यायला लागतो.

पण कवितेच्या आधी बाटली आली, आणि माझ्या मते खरी गोष्ट बाटलीचीच आहे. ती नसती तर 'कोणत्या सालची' हा प्रश्नच कुणी विचारला नसता.

सतराव्या शतकापर्यंत युरोपात वाईन लाकडी पिंपातून यायची. पिंप फोडलं की आत हवा शिरायची आणि माल आंबटायला लागायचा. त्यामुळे जुनी वाईन म्हणजे उतरलेली वाईन. शरदात बोर्दोहून नव्या मालाची जहाजं लंडनला लागली की आदल्या वर्षीच्या पिंपांचा भाव पडायचा. आज पाहुणे जे गृहीत धरतात त्याच्या अगदी उलट बाजार होता. भाव नव्याला होता.

मग 1615 मध्ये इंग्लंडच्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचवायचं होतं. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड, गडद आणि दणकट व्हायला लागली. आधीची बाटली नाजूक, टेबलावर वाढायच्या कामाची. आता साठवायची बाटली मिळाली, आणि तिच्या तोंडात कॉर्क ओक झाडाच्या सालीचं बूच ठोकून बसवता यायला लागलं. सुरुवातीच्या या बाटल्या बुटक्या, पोट सुटलेल्या असायच्या. जुन्या वस्तूंचे संग्राहक त्यांना आजही कांदा-बाटली म्हणतात. (लासलगावकरांनी यावर हक्क सांगायला हरकत नाही.) अशी बाटली आडवी ठेवता येत नाही. उभी ठेवली की बूच वाळतं, आकसतं, हवा आत जाते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटली सडपातळ, सरळसोट झाली; ती आडवी रचता येऊ लागली, बूच ओलं राहू लागलं. वाईन वर्षानुवर्षं टिकायला लागली ती तेव्हापासून.

'अमुक वर्षाची वाईन' या अर्थी व्हिंटेजचा लेखी वापर सापडतो 1746 चा. हा योगायोग नाही. तळघरात एकाशेजारी एक अशा पाच वर्षांच्या बाटल्या पडायला लागल्यावरच कोणती कुठल्या तोडणीची हे सांगायची गरज पडली. "ही कुठल्या तोडणीची?" याचं उत्तर सालात द्यायचं, म्हणून तोडणीचा शब्द सालाला चिकटला. फ्रेंचांनी ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली: तोडणीला वांदांज आणि बाटलीवरच्या सालाला 'मिलेझीम'. इंग्रजीने एकाच शब्दाला दोन्ही करायला लावली.

यापुढची पायरी अशी की साल चांगलं की वाईट. पोर्तुगालच्या पोर्ट वाईनचे व्यापारी दरवर्षी व्हिंटेज जाहीर करत नाहीत. साल उत्तम गेलं तरच करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. म्हणजे व्हिंटेज म्हटलं की 'निवडक सालचं' हे आपोआप आलं. शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती इथून. आपल्याकडे 'सुगी'चं हेच झालं. सुगी म्हणजे कापणीचा हंगाम, आणि 'सुगीचे दिवस' म्हणजे भरभराट. मग सराफाला आणि मोबाइलच्या दुकानदारालाही सुगीचे दिवस येतात.

पोर्टमध्येच एक गोष्ट आहे जी तुम्ही पाहुण्यांना बिनधास्त सांगावी. व्हिंटेज पोर्ट तोडणीनंतर दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरतात. पिंपात दहा, वीस, चाळीस वर्षं मुरवलेली पोर्ट वेगळी असते, टॉनी नावाची, आणि ती सहसा अनेक सालांचं मिश्रण असल्यामुळे व्हिंटेज नसते. शँपेनचंही तसंच. बहुतेक शँपेन 'नॉन-व्हिंटेज' असते, कारण तिच्यात बऱ्याच सालांची राखून ठेवलेली वाईन मिसळतात. त्या मिश्रणात बाजूच्या व्हिंटेज बाटलीपेक्षा जुना माल असू शकतो. तरी ती नॉन-व्हिंटेज, कारण एक साल सांगता येत नाही. साल सांगता येणं, हा या शब्दाचा कणा आहे. वय नव्हे.

मग जुनेपणा आला कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हा शब्द वाईन सोडून इतर गोष्टींना लागायला लागला, आणि 1928 च्या सुमारास मोटारींना. इंग्लंडमध्ये व्हिंटेज मोटारवाल्यांचा क्लब निघाला 1934 मध्ये. सुरुवातीला त्यांची अट होती, गाडी निदान पाच वर्षांची हवी; 1936 पर्यंत ती अट 'गाडी 1930 संपायच्या आतली हवी' अशी पक्की झाली. आता हिशेब करा: ही रेषा ठरली तेव्हा त्यातल्या काही गाड्या फक्त पाच-सहा वर्षांच्या होत्या! जुन्या म्हणून त्यांना कोण विचारणार होतं? त्या मंडळींचं म्हणणं होतं की नंतरच्या स्वस्त, ढिगाने निघणाऱ्या गाड्यांपेक्षा त्या काळच्या गाड्या कसदार होत्या. पोर्टवाल्यांसारखंच, चांगल्या सालचा माल. सीमारेषा 1930 वर थांबली, गाड्या मात्र वयाने वाढत राहिल्या. शंभरीला आल्या तेव्हा बघणाऱ्याला वाटायला लागलं, व्हिंटेज म्हणजे म्हातारी गाडी. शब्द जागेवरच होता, वस्तू म्हाताऱ्या झाल्या.

मामांच्या लॅम्ब्रेटाचं मात्र सरळ आहे, तिथे आता सरकारने आकडा ठरवला आहे. 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसलेली, ती व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, नंतर पुन्हा नोंदणीला 5,000. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मामांचा जुना नंबर असेल तर तो सोडू नका म्हणावं. एक अडचण त्यांना आधीच सांगा: व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मामा तिच्यावरून रोज भद्रकालीत भाजीला जात असतील तर त्यांनी दोनदा विचार करावा.

कपड्यांच्या धंद्यात कायदा नाही, रिवाज आहे. साधारण वीस वर्षं झाली की व्हिंटेज आणि शंभरी गाठली की अँटिक, असं जगभरचे विक्रेते धरून चालतात. इथे मला वहिनींना एक सांगायचंय. नुसतं 'व्हिंटेज पैठणी' लिहिलं की गिऱ्हाईक दोन गोष्टींत अडकतं: साडी खरंच जुनी आहे, की नवीन साडीला जुन्या वळणाचे काठपदर आहेत? दुसऱ्या प्रकाराला रेट्रो म्हणतात, आणि दोन्ही एकाच फोटोसारखे दिसतात. साल लिहा. "1978 च्या लग्नातली, येवल्याची, नारळी काठ, जर खरी, पदराजवळ एक रफू." अशी ओळ असली की व्हिंटेज शब्दाला काम उरतं. साल नक्की माहीत नसेल तर "सत्तरच्या दशकातली" लिहा, पण काहीतरी काळ लिहा. आणि खरोखरच शंभर वर्षांहून जुनी साडी हाती लागली तर ती परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी चौकशी करा. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट पुरी करणाऱ्या कलावस्तू येतात आणि त्या देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत.

क्रिकेटवाले 'व्हिंटेज धोनी' म्हणतात तो आणखी वेगळा फाटा: त्याच्या ऐन बहरातल्यासारखा. त्यावर फार लिहिण्यात अर्थ नाही, कॉमेंट्री ऐकणाऱ्याला तो आपोआप कळतो.

आता तुमच्या काउंटरकडे येते, कारण नाशकात या शब्दाला एक स्थानिक पीळ आहे. युरोपात वेल वसंतात फुटते आणि माल सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतो, सगळं एकाच कॅलेंडर वर्षात. त्यामुळे साल कोणतं हा प्रश्नच नसतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवायची खरड छाटणी, पावसाळा सरत आला की फळ धरायची गोडी छाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे 2023 च्या सप्टेंबरात छाटलेल्या बागेचा माल 2024 च्या फेब्रुवारीत उतरतो. बाटलीवर येतं 2024. छाटणीचं साल धरत नाहीत, घड ज्या साली वेलीवरून उतरला ते धरतात. विन्देमियाचा मूळ अर्थ इथे जसाच्या तसा पाळला जातो. शेतकरी मात्र हंगाम 2023-24 असा बोलतो. त्यातून घोळ होतो. दिंडोरीच्या बागायतदाराने "तेवीसची छाटणी" म्हटलेलं वाक्य माहितीपत्रकात "2023 व्हिंटेज" होऊन बसलेलं मी कच्च्या मजकुरात पाहिलं आहे. हंगाम लवकर धरला आणि काही माल डिसेंबरअखेरीस उतरला, तर एकाच छाटणीचा माल दोन सालांत विभागला जाईल. म्हणून मजकूर लिहिण्याआधी मी वायनरीला एकच गोष्ट विचारते: तोडणीची तारीख.

माल युरोपात जाणार असेल तर आणखी एक नियम बघावा लागतो. तिथे लेबलवर साल छापायचं तर निदान 85 टक्के द्राक्षं त्या सालच्या तोडणीची हवीत. म्हणजे 'व्हिंटेज 2024' ही बढाई नाही, ती हमी आहे, आणि तपासणीत ती सिद्ध करावी लागते.

पाहुण्यांना काय सांगाल? मी असते तर 'व्हिंटेज' शब्दाला हात न लावता म्हटलं असतं, "ही 2024 च्या तोडणीची वाईन." इंग्रजी बोलणारा पाहुणा असेल तर त्याला लेबल वाचता येतंच. मराठी पाहुण्याला तोडणी म्हटलं की लगेच उजेड पडतो, कारण त्याच्या ओळखीत कुणाची ना कुणाची बाग असते. आणि 'जुनं ते सोनं' डोक्यात घेऊन आलेल्या पाहुण्याला हेही सांगा की आपल्याकडच्या बहुतेक सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनें ब्लाँ ताज्या प्यायच्या असतात, साल-दोन साल फार झालं. त्या बाटल्यांवर साल बघायचं ते फार जुनं झालेलं नाही ना, यासाठी. लाल वाईन, त्यातही ओकच्या पिंपात ठेवलेली शिराझ किंवा कॅबरने, काही वर्षं धीर धरते. तिथे जुनं साल दिसलं तर बिचकायचं कारण नाही.

खरं तर बागायतदारांना साल ओळखायला लेबल लागत नाही. निफाड तालुक्यात "गारपिटीचं साल" म्हटलं की 2014, आणि "पावसाने मणी कुजले ते साल" म्हटलं की 2019 चा परतीचा पाऊस. पुढचं कुणी विचारत नाही. त्यांच्या तोंडी ही नावं नुकसानीची असतात, पोर्टवाल्यांसारखी चांगल्या सालची नाहीत. पण रीत तीच, तोडणीवरून वर्षाची ओळख. 2019 च्या पावसानंतर उतरलेल्या मालाच्या बाटलीवर 2020 आहे, हे लक्षात ठेवा. जाणकार पाहुणा त्यावर प्रश्न विचारू शकतो.

राहिली बँक. वहिनी धंदा वाढवायला कर्ज काढणार असतील तर अर्जात किंवा एजंटच्या तोंडी 'बिझनेस व्हिंटेज' हा शब्द येईल. तिथे साड्यांचं वय विचारत नाहीत. धंदा किती वर्षं चालू आहे, ते विचारतात, आणि पुराव्याला जीएसटी किंवा उद्यम नोंदणीची तारीख मागतात. पैठणी कितीही जुनी असली तरी तिथे नोंदणीपासूनचीच वर्षं लिहायची.